मोजमापाला भाषा लागत नाही, घरभाड्याला लागते

बेळगावच्या उद्यमबागेत काम केलेल्या माणसाला जर्मनी तशी ओळखीची असते. मशीनवरच्या पाट्या, हायड्रॉलिक पंपांचे कॅटलॉग, मोजमापाची उपकरणं, सगळीकडं जर्मन नावं. पण तिकडं जाऊन नोकरी करावी असं आमच्याकडं फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण भाषा. दुबई-मस्कतला हिंदीवर निभावतं हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. जर्मनीत कोण हिंदी बोलणार?

मी येळ्ळूरची. शाळा मराठी माध्यमाची, बोर्ड कर्नाटकाचं. पुढं बेळगावातच मेकॅनिकलची बी.ई. केली. आधी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीवर होते, नंतर हत्तरगीच्या बाजूला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. काम सीएमएमवर, म्हणजे टोकाला माणकाचा मणी असलेल्या सळईनं पार्टला ठिकठिकाणी स्पर्श करून त्याची मापं काढणारं मशीन. २०२४ मध्ये मी बाहेर नोकरी शोधायला लागले तेव्हा जर्मन म्हणून मला येत होतं ते एवढंच: एक ते वीस आकडे आणि नमस्कार-चमत्कार.

सुरुवात बेळगावातल्याच एका कन्सल्टन्सीपासून केली. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे. तिथल्या माणसानं जर्मनीत ‘गॅरंटी’ नोकरीचे तीन लाख सांगितले, त्यातला एक लाख आगाऊ. मी नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, ‘तो फक्त गल्फला लागतो मॅडम.’ परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. घरी येऊन पोर्टलवर शोधलं, नाव कुठंच नव्हतं. आप्पा म्हणाले, ‘लाख रुपये देऊन कागदच करायचे असतील तर ते तूच कर की.’ त्या दिवसापासून सगळं स्वतःच करायचं ठरलं.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. पहिली चान्सेनकार्ट, म्हणजे तिकडं जाऊन नोकरी शोधायची वर्षभराची परवानगी. ही १ जून २०२४ ला सुरू झाली. किमान ए-वन जर्मन, म्हणजे भाषेची पहिली पायरी, किंवा बी-टू इंग्रजी, म्हणजे बरीच वरची, लागतं. वय, अनुभव, भाषा यांचे गुण धरतात आणि सहा गुण भरावे लागतात. पदवीला तिकडं पूर्ण मान्यता असली तर गुणांची भानगडही नाही. आठवड्याला वीस तास काम करायची मुभा मिळते. अडचण पैशाची. महिन्याला १,०२७ युरो या हिशेबानं वर्षाचे १२,३२४ युरो बँकेत अडकवून ठेवायचे, म्हणजे अकरा लाखांच्या वर. (२०२५ पासून ती रक्कम महिन्याला १,०९१ झाली.) आमच्या घरात एवढे पैसे एकत्र दिसतात ते जमीन विकली तरच, आणि जमीन रिंगरोडात जाईल या भीतीनं आप्पा तर जमिनीचं नावही काढू देत नव्हते.

दुसरी वाट ब्लू कार्ड. इथं नोकरी आधी, व्हिसा नंतर. पदवी मान्य पाहिजे, काम त्या पदवीला साजेसं पाहिजे आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर पाहिजे. भाषेची अट नाही, कुठल्याच पातळीची. तुटवड्याच्या कामांसाठी, ज्यात इंजिनिअर येतात, पगाराची रेषा जरा खाली असते: २०२४ मध्ये वर्षाला ४१,०४१ युरो ८० सेंट. ‘जर्मनशिवाय जर्मनी’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते खरं तर याच्यावर आधारलेले असतात. सरकार भाषा मागत नाही हे अगदी बरोबर. नोकरी देणारा मागतो, हे व्हिडिओत नसतं.

पदवी मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या जर्मन यादीत बघायचं असतं. विद्यापीठापुढं ‘एच प्लस’ असं लिहिलेलं असलं आणि पदवी त्यांच्या पदवीशी जुळते असा शेरा असला की दोन्ही पानं छापून घ्यायची. आमचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, व्हीटीयू, त्यात आहे. ते पान सापडलं तेव्हा मी एकटीच हसले. ज्या विद्यापीठाच्या गेटवरून इतकी वर्षं बसनं गेले, त्याला तिकडच्या यादीत जागा होती.

मग अर्ज. सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच केलं: लिंक्डइनवर ‘इंग्लिश’ असा फिल्टर लावून दिसेल तिथं पाठवत सुटले. अशा जाहिराती बहुतेक बर्लिन-म्युनिकच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या, आणि त्यांच्यावर अख्खं जग तुटून पडलेलं. यांत्रिक कामाच्या जाहिराती जर्मनमध्ये, आणि तळाला ‘उत्तम जर्मन आवश्यक’. नकाराचे मेल नम्र असत. एकाच साच्यातले, आभार मानणारे, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देणारे.

गाडी रुळावर आली ती शोधाचा शब्द बदलल्यावर. पदाचं नाव सोडून दिलं आणि सीएमएमवर मी जे सॉफ्टवेअर वापरते त्याचंच नाव टाकून शोधायला लागले. मग दिसल्या त्या वेगळ्याच फर्म. छोट्या गावातल्या, शे-दोनशे माणसांच्या, दोन-तीन पिढ्या चालत आलेल्या. वेबसाइट जुनाट, पण मोजमापाच्या खोलीत लाखो युरोचं मशीन आणि ते चालवायला माणूस नाही. अशांना थेट लिहिलं. बायोडेटा दोन पानांत, इंग्रजीत आणि जर्मनमध्येही. जर्मन मशीननं केलं होतं आणि तसं वर स्पष्ट लिहिलं होतं. सोबत मापनाचा एक नमुना अहवाल जोडला. ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर देता येत नाही, म्हणून उद्यमबागेतल्या मित्राच्या शॉपमध्ये ॲल्युमिनियमचा एक ठोकळा मुद्दाम बनवून घेतला. त्याला चार भोकं, एक तिरकी बाजू. ड्रॉइंग माझं, मोजणी माझी, अहवाल माझा. अर्जात जे काही होतं त्यात सगळ्यात जास्त चाललं ते हेच. माझं इंग्रजी कसं आहे हे त्यांना त्यातून कळत नव्हतं, मी भोकाची जागा कशावरून धरते ते मात्र कळत होतं.

ज्या फर्मनं शेवटी घेतलं ती दक्षिण जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमधली, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बनवणारी. मुलाखत व्हिडिओवर. मोजमाप विभागाचा प्रमुख, साठीच्या जवळचा, इंग्रजी माझ्याहून अडखळत बोलणारा. त्यामुळं मला जरा बरंच वाटलं. ‘तुमच्याबद्दल सांगा’ वगैरे काही नाही. त्यानं स्क्रीनवर एक शाफ्ट टाकला आणि विचारलं, ‘हे ड्रॉइंग अमेरिकी आहे असं समज. आणि आता आमचं आहे असं समज. तुझ्या मोजणीत काय बदलेल?’

हा प्रश्न वरून साधा दिसतो. अमेरिकी पद्धतीत, एएसएमई वाय १४.५ मध्ये, व्यासाची मर्यादा दिली की आकारही त्याच मर्यादेत बांधला जातो. शाफ्ट जाडीला बरोबर असला तरी पूर्ण जाडीचा असून वाकला असेल तर नापास, कारण त्या मापाच्या अचूक नळीत तो बसणार नाही. त्यांच्याकडच्या आयएसओ ८०१५ प्रमाणं तसं आपोआप होत नाही. माप वेगळं, आकार वेगळा. सरळपणा हवा असेल तर तो ड्रॉइंगवर वेगळा सांगावा लागतो किंवा मापापुढं गोलात ई लिहावा लागतो. हत्तरगीला आमच्याकडं अमेरिकी ड्रॉइंग यायची आणि उद्यमबागेत आयएसओची, त्यामुळं हा फरक माझ्या हाताखालून गेलेला होता. मी कागदावर वाकडा शाफ्ट काढून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यानंही एक कागद घेतला. पुढचा बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांना चित्रंच दाखवत होतो. एचआरच्या बाई मध्ये मध्ये मान हलवत होत्या.

पगाराचं पत्र डिसेंबरात आलं: वर्षाला ४२,००० युरो. २०२४ च्या रेषेच्या वर. पण कागद गोळा करून अर्ज जाईपर्यंत जानेवारी लागणार होता, आणि ती रेषा दर वर्षी १ जानेवारीला बदलते. २०२५ ची रक्कम ४३,७५९ युरो ८० सेंट. म्हणजे डिसेंबरात कायदेशीर असलेला माझा करार जानेवारीत अपुरा. एचआरच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी याआधी भारतातून कुणाला घेतलंच नव्हतं. मी सरकारी ‘मेक इट इन जर्मनी’ या वेबसाइटची लिंक पाठवून दोन ओळी लिहिल्या. पगार वाढवून मागते आहे असं वाटू नये म्हणून त्या दोन ओळींवर अख्खी संध्याकाळ घालवली. चार दिवसांनी सुधारित करार आला, ४३,८०० चा. वर एक ओळ: कळवल्याबद्दल आभार. यातून माझ्या ध्यानात आलं ते असं की छोट्या फर्मला परदेशी माणूस घ्यायचा असला तरी कागदाची माहिती त्यांनाही नसते. आपण नियम वाचून तयार असलो तर त्यांचं ओझं हलकं होतं. अर्ध्या नोकऱ्या इथंच सुटत असाव्यात असा माझा अंदाज आहे.

आता कागदांबद्दल, कारण सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं भोगावं लागतं. माझ्या दहावीच्या मार्ककार्डावर गावाचं नाव बेलगाम, पदवीवर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकानं बंगळूर, म्हैसूर, हुबळी यांच्यासह बारा शहरांची नावं बदलली. माझी शाळा त्याच्या अलीकडं, पदवी पलीकडं. एचआरच्या बाईंचा मेल आला: ही दोन वेगळी शहरं आहेत का? शिवाय जन्मदाखला कन्नडमध्ये, मार्ककार्डावर आप्पांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, पासपोर्टवर आडनाव पूर्ण. मी एका पानाचा खुलासा केला: कोणत्या कागदावर कोणतं नाव, का, आणि शहराचं नाव कधी बदललं. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. या भागात आपल्याला कागद मराठीत मिळावेत ही मागणी जुनी, त्यावर किती मोर्चे निघाले. जर्मनीला मात्र कन्नड काय नि मराठी काय, दोन्ही सारखेच परके. तिथं तरी भेदभाव झाला नाही म्हणायचा.

व्हिसाला जायचं ते बंगळूरला. राहणं कर्नाटकात, म्हणून वकिलात बंगळूरची. निपाणीच्या माणसाला रात्रभर प्रवास करून बंगळूर गाठावं लागतं, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कागलचा माणूस मुंबईला जातो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेले, त्याच रात्री परतले. अर्ज आधी वकिलातीच्या नव्या ऑनलाइन पोर्टलवर तपासून झाला होता, त्यामुळं काउंटरवर बोटांचे ठसे, ७५ युरोची फी रुपयांत आणि पासपोर्ट जमा, एवढंच. तुटवड्याच्या पगाररेषेवर ब्लू कार्ड मागितलं की जर्मनीच्या रोजगार खात्याची संमतीही लागते. ती फर्मनं भरलेल्या फॉर्मवरून ठरते, ज्यात कामाचं वर्णन असतं. तिथं नुसतं ‘मापन कामगार’ लिहिलं असतं तर पदवीला साजेसं काम नाही म्हणून अडकलं असतं. बाईंनी माझ्याशी बोलून ‘गुणवत्ता अभियंता’ लिहिलं आणि खाली प्रोग्रॅमिंग, अहवाल, पुरवठादारांची तपासणी असं खरं काम मांडलं.

निघताना आईनं कुंदा दिला, चटणी दिली, आणि ‘तिकडं तुला जेवाण कोण करून घालणार’ हे पुन्हा एकदा म्हणून झालं.

इथं आल्यावर कळलं की कामाच्या जागी भाषेवाचून फार अडत नाही. ड्रॉइंग ड्रॉइंगच असतं. मायक्रॉन मायक्रॉनच. शेजारच्या मशीनवरचे तुर्की आणि रुमानियन लोक तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये बोलतात, ती शुद्ध जर्मनपेक्षा लवकर कळते. प्रमुखाची श्वेबिश बोली मात्र बर्लिनच्या माणसालाही कळत नाही म्हणे, त्यामुळं तिच्यापुढं आम्ही सगळे सारखे. अडलं ते हँडओव्हरच्या वहीपाशी. रात्रपाळीचा माणूस शिफ्टभर काय झालं ते हातानं लिहून जातो, गिचमिड तिरक्या अक्षरात. फोननं फोटो काढून भाषांतर करावं तर कारखान्यात कॅमेऱ्याला बंदी. गेटवर लेन्सवर स्टिकर लावतात. प्रमुखाला सांगितलं. त्यानं वहीऐवजी कॉम्प्युटरवर एक तक्ता केला: पार्ट नंबर, मशीन, अडचण, सही. सुरक्षेची माहितीही कामगाराला समजेल अशी देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, तेव्हा तिची इंग्रजी प्रत मी मागून घेतली आणि मगच सही केली.

भाषा लागली ती कारखान्याच्या बाहेर. घर मिळेना. फोनवर इंग्रजीत बोललं की समोरचा गप्प. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नोंद झाली की पोस्टानं करक्रमांक येतो. तो नसला तर पगारातून कर सगळ्यात चढ्या दरानं कापला जाऊ शकतो. आणि पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं नसलं तर पोस्टमन पत्र टाकतच नाही, परत नेतो. मी पहिल्या दिवशी नावाची चिठ्ठी लावली ती सहकाऱ्यानं सांगितलं म्हणून. नगरपालिकेत बाई फक्त जर्मन बोलत होत्या. मला त्याचा राग आला नाही. आमच्या तालुका कचेरीत फॉर्म कन्नडमध्ये, बोलणं कन्नडमध्ये. समोरच्याच्या बोटाकडं बघत कुठं सही करायची हे ओळखायचं कसब लहानपणापासून अंगात आहे. आईबरोबर रेशनकार्डाला गेलेली पोर ते शिकूनच येते. सोबत जर्मन येणारं कुणीतरी न्यायचं, कागद आधी भरून न्यायचे, आणि बाईंचा वेळ घेतल्याबद्दल आधीच आभार मानायचे.

इमारतीत आणखी एक प्रकार: जिना झाडायची पाळी. दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. पहिला मजला ते तळमजला, कठड्यासकट. खालच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, पाळी झाली की पायऱ्यांवर बोट फिरवून बघतात. माझं बरंचसं जर्मन या आजींमुळं आलं. त्या सावकाश बोलतात, चुकलं की तिथंच दुरुस्त करतात, आणि कंटाळत नाहीत.

पैशाचं विचारणारे पुष्कळ, म्हणून सांगते. महिन्याला ३,६५० युरोतून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन वगैरे जाऊन हातात २,४०० च्या आसपास येतात. वीज-हीटरसकट घरभाडं ६८०. टीव्ही-रेडिओची सक्तीची पट्टी घरामागं १८ युरो ३६ सेंट, टीव्ही नसला तरी. घरी पाठवायला उरतं, पण रुपयांत गुणाकार करून स्वप्नं रंगवणाऱ्यांनी आधी हे वजा करावं.

जर्मनशिवाय नोकरी मिळाली, म्हणून जर्मन शिकायची नाही असा अर्थ काढू नये. ब्लू कार्डवाल्याला कायम राहण्याची परवानगी ए-वन असेल तर २७ महिन्यांनी मिळते, बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिन्यांचा फरक. पण परवानगीपेक्षा मला जास्त टोचतं ते जेवणाच्या सुट्टीत. सगळे हसतात आणि मी अर्धा सेकंद उशिरा हसते.

गावाकडून मेसेज येतात ते बहुतेक आयटीआयवाल्यांचे. त्यांना ब्लू कार्ड नाही. पण मार्च २०२४ पासून एक वाट त्यांच्यासाठीही उघडली आहे: सरकारमान्य किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि हातात नोकरीचं पत्र. भाषेची अट यातही नाही. पगाराची आहे, २०२५ साठी ४३,४७० युरो, आणि सामूहिक वेतनकरार पाळणाऱ्या फर्ममध्ये ती शिथिल होते. माझा आत्येभाऊ टर्नर आहे, आयटीआय दोन वर्षांचं, उद्यमबागेत सीएनसीवर. एवढा पगार टर्नरला द्यायला तयार अशी फर्म आम्ही अजून शोधतोय. त्याला मी ठोकळा बनवायला सांगितलाय, माझ्यापेक्षा अवघड, आतून आटे असलेला. तो म्हणतो, ‘आक्का, ठोकळा उद्या करतो गा, पण ते जर्मन आकडे उलटे का म्हणतात ते आधी सांग.’ एकवीसला एक-आणि-वीस म्हणतात, आपल्यासारखंच, असं सांगितल्यावर जरा थंड झाला. ए-वनची परीक्षा पुण्याला द्यायची म्हणतोय, सुट्टी मिळाली तर.